बायकांचा आजार दिरांना कसा?

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. माझे दीर ३२ वर्षांचे, लग्न ठरलंय. पाय सुजायचे, लघवीला फेस यायचा. उसाच्या लागणीत दिवसभर उभं राहून होतंय, असं सगळे म्हणाले. आता बेळगावच्या डॉक्टरांनी ल्युपस सांगून मूत्रपिंडाची बायोप्सी करायला सांगितलंय. माझ्या मावसबहिणीलाही ल्युपस आहे, पण तिच्या गालांवर लाल चट्टे होते, केस गळायचे. दिरांना तसलं काहीच नाही. निदान चुकलं असेल का?

उत्तर : ताई, बायोप्सी लांबवू नका, हे आधी सांगते. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. त्याच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, म्हणून पुरुषाच्या बाबतीत तो कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही. चट्टे, केस गळणं, उन्हाचा त्रास हे बायकांत जास्त दिसतं. पुरुषांत मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण जास्त. चट्टे नाहीत म्हणजे आजार सौम्य, असं मुळीच नाही. फेस येतो तो लघवीतून प्रथिनं जातात म्हणून. बायोप्सीत जागा बधिर करून सुईनं मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढतात. इजा सहांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे त्यावरून कळतं आणि औषध ठरतं.

बायकांनाच जास्त का? स्त्री-संप्रेरकांचा वाटा आहेच. शिवाय प्रतिकारशक्तीची काही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि बायकांत ती गुणसूत्रं दोन. जन्मतः एक्स जास्तीचं असलेल्या पुरुषांनाही ल्युपसचा धोका जवळपास बायकांइतकाच असतो.

आता घरात कुणी काढणार नाही तो विषय. सायक्लोफॉस्फामाइड हे औषध सलाइनमधून द्यायचं ठरलं, तर त्यानं वीर्यातले शुक्राणू कमी होऊ शकतात. ते आधी साठवून ठेवता येतात. तुम्हाला बोलायला अवघड वाटेल, तर यजमानांना सांगा, पण पहिल्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. मावसबहिणीची काळजी वेगळी : आजार किमान सहा महिने शांत असल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत, आणि मायकोफिनोलेट हे ल्युपसचं औषध चालू असेल तर ते डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यावं.

दीर बिडी ओढत असतील तर सोडायला लावा. तंबाखूच्या मुलखात हे सांगणं जड जातं, तरी सांगा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणत असतील, तर त्या आजच बंद. मूत्रपिंडाला त्या बाधतात, आणि बायोप्सीत रक्तस्रावाची भीतीही वाढते. कोणत्या घेत होते, ते पाकीटच डॉक्टरांना दाखवा.