‘सस्टेनेबल कॉटन’ लिहिलेला महागडा टीशर्ट खरंच पर्यावरणाचं भलं करतो का?

तुम्ही विचारलं आहे की मोठे ब्रँड लेबलवर हिरवं पान छापून ‘सस्टेनेबल’, ‘ऑरगॅनिक’ लिहितात आन दुप्पट भाव लावतात, त्यात खरं किती आन ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणाचा नुसता देखावा, किती, आणि घ्यावं का नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू कापूस आहे, आणि काही वर्षं सेंद्रिय कापसाच्या एका गटात फिल्डचं काम केलं, म्हणजे शेतकऱ्यांच्या डायऱ्या भरायच्या, वावरं बघायची, तपासणीवाले आले की त्यांना धुऱ्याधुऱ्यानं फिरवायचं. म्हणून दुकानाकडून नाही, वावराकडून सांगतो.

पहिली गोष्ट, ‘सस्टेनेबल’ म्हणजे ऑरगॅनिक नाही. बेटर कॉटन नावाची योजना आहे, तिच्यात बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं, बियाणं चालतं, रासायनिक फवारणीही चालते, फक्त ती कमी आन जपून करा असं शिकवतात. ते शिकवणं वाईट नाही, 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, त्यामुळे फवारा एकानं कमी झाला तरी मला त्याची किंमत आहे. पण तिथला बराचसा माल ‘मास बॅलन्स’वर चालत आला, म्हणजे कंपनीनं जेवढा कापूस मागवला तेवढा जगात कुठंतरी त्या पद्धतीनं पिकला एवढाच हिशोब, तुमच्या अंगावरचा धागा त्याच वावरातला असेल असं काही नाही. हे लेबल वाचून कोणाला कळणार?

आता ऑरगॅनिक. इथं सगळा खेळ सरकीचा आहे. सेंद्रियमध्ये बीटी चालत नाही, आणि 2002 ला बीटीला परवानगी मिळाल्यापासून आज नव्वद टक्क्यांच्या वर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, बीटीची आहे. कृषी केंद्रावर जाऊन बिगर बीटी बियाणं मागून बघा, बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. त्यामुळं कोणी म्हणालं आम्ही गावंच्या गावं सेंद्रिय केली, तर माझा पहिला प्रश्न, बियाणं कुठून आणलं? तपासायला अवघडही नाही, पऱ्हाटीचं पान ट्यूबमधल्या द्रावणात चुरडायचं आन त्यात कागदाची पट्टी बुडवायची, काही मिनिटांत दोन रेघा आल्या तर बीटी, एकच आली तर नाही. असे किट नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनंही बनवले आहेत. मी ज्या गटात होतो तिथं ही पट्टी वरच्या लोकांना फारशी आवडायची नाही, डायरी नीट भरली आहे ना यावरच सगळा जोर.

कागद कापसापेक्षा जोरात धावतो त्याचं मोठं उदाहरण 2020 चं आहे. ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड, म्हणजे ज्याचं लेबल जगात सगळ्यात विश्वासाचं समजतात, त्यांनाच भारतात सुमारे 20,000 टन कापसाची बनावट प्रमाणपत्रं सापडली, 11 कंपन्यांवर बंदी घातली. प्रमाणपत्रावरच्या क्यूआर कोडनं उघडणारी साइटसुद्धा सरकारी साइटची नक्कल होती म्हणे. त्यांनी स्वतः हे पकडलं आन जाहीर केलं, म्हणून मी त्या लेबलला अजूनही बाकीच्यांपेक्षा बरं मानतो.

आता पैशाचं बघा, माझ्या मते खरं-खोटं इथंच कळतं. एका टीशर्टला धागा-कटाईची घट धरून साधारण पाव किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, लागते, त्यासाठी सरकीसकट पाऊण किलोच्या आसपास कापूस. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल, म्हणजे एका टीशर्टात शेतकऱ्याचा कापूस छप्पन-सत्तावन रुपयांचा. सेंद्रियला दहा टक्के जास्त दिले धरा, तरी सहाच रुपये जास्त झाले. अन् दुकानात त्याच टीशर्टवर चारशे-पाचशे जास्त. मधले पैसे कोणत्या पर्यावरणावर खर्च झाले हे ब्रँडनं सांगावं, दुसरं काही विचारायची गरजच नाही.

त्यातही सगळ्यात भारी काळ पहिल्या दोन-तीन वर्षांचा असतो. रासायनिक सोडलं की उतारा घसरतो, आणि रूपांतराच्या त्या काळात माल सेंद्रिय म्हणून विकता पण येत नाही, नियमच आहे तसा. त्या काळात शेतकरी घरचं सोनं गहाण टाकून तग धरतो किंवा सोडून देतो. आमच्या गटातली कितीतरी चांगली माणसं इथंच गळाली. जी कंपनी रूपांतरातला कापूस जास्त भावानं घेते, चार-पाच वर्षांचा खरेदीचा करार करते, जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ढीग वेगळा ठेवायचा खर्च उचलते, तिला मी खरी म्हणतो, मग तिच्या लेबलवर पान असो नसो.

कायदा पण आला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर 2024 ला निघाली, ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं मोघम लिहिलं तर त्याचा अर्थ आन पुरावा द्यावा लागतो. तर माझं असं म्हणणं आहे, घेण्याआधी कंपनीला एक मेल टाका, कापूस कोणत्या जिल्ह्यातला, बिगर बीटी तपासणी कुठं झाली, शेतकऱ्याला बाजारभावावर किती जास्त दिले. तिन्हीची उत्तरं आली तर खुशाल दुप्पट द्या. गोलमाल उत्तर आलं तर साधा सुती टीशर्ट घ्या, आणि दावा फारच मोठा असेल तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, लेबलचा फोटो आन बिल जपून ठेवा, त्याशिवाय पुढं काही सरकत नाही.