कोकणातील जुन्या कौलारू घरावर पत्रा घालायचा असल्यास कोणता निवडावा?

गुहागरजवळच्या जुन्या कौलारू घरावर रंगीत पत्रा घालावा की साधा, त्याची जाडी किती असावी आणि तो कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे आपण विचारले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र कौलेच हवी आहेत, असेही आपण शेवटी लिहिले आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला बसलो. आमच्या घरात हाच वाद २०१५ पासून चालू आहे आणि त्या वादात एक छप्पर उडून गेलेले आहे.

आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून साधारण पाऊण किलोमीटरवर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, पुढे लांबलचक पडवी आणि २०१५ पर्यंत वर मंगलोरी कौले होती. वानरांच्या टोळ्या दर वर्षी शे-दीडशे कौले फोडत, पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला, म्हणजे कौले उतरवून नीट रचायला, माणूस मिळत नसे, कौलांखालच्या रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या) कुजल्या होत्या आणि जुलैत माजघरात चार ठिकाणी पातेली मांडावी लागत. मी पुण्यात राहत होतो, दादा, वहिनी आणि आई गावी. कौले उतरवून लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर पत्रा घालावा, हा आग्रह माझा होता आणि पैसेही मी दिले. दादांचा विरोध होता. वडिलोपार्जित घरावर पत्रा चढवला की त्याचा गोठा होतो, कौल ही आपली परंपरा आहे, असे ते म्हणत. मंगलोरी कौल हाही कारखान्यातलाच माल आहे, बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर ती किनाऱ्याने वर आली, त्याआधी आपल्याकडे नळे (नळीच्या आकाराची कौले) आणि गवतच होते, असे मी त्यांना तेव्हाही सांगितले होते आणि आजही सांगतो. जे छप्पर आपल्या पणजोबांच्या काळात नवे होते त्याला परंपरा म्हणायचे असेल, तर पत्र्यालाही थोडा वेळ द्यायला हवा.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या उत्तरेस, दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर आले. हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर नोंदवला. त्या वेळी माझी माणसे माजघरात होती. आधी पडवीच्या कडेचा पत्रा थडथडू लागला, मग पुढचा संपूर्ण पाखा, म्हणजे छपराची पुढची उतरती बाजू, पाइपांसकट एकसंध वर उचलला गेला आणि शेजारच्या पोफळीच्या वाडीत जाऊन पडला. आई तेव्हा ८१ वर्षांची होती. दादांनी आणि वहिनींनी तिला भिंतीच्या कोपऱ्यात बसवून वर गादी धरली. वीज आणि फोन दोन्ही बंद होते, कोविडच्या निर्बंधांमुळे जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, आणि मी गावी पोहोचलो तो ९ जूनला. सर्वजण सुखरूप होते. दादांनी मला अंगणातच सांगितले की तुझ्या पत्र्याने घर नेले, आणि तू इथे नव्हतास.

त्यातला दुसरा भाग खरा आहे आणि त्याचे दुःख मला अजूनही आहे. पहिला भाग खरा नाही, आणि तो का खरा नाही हे सांगणे हेच आपल्या प्रश्नाचे मुख्य उत्तर आहे.

मी वाडीत जाऊन पडलेले छप्पर पाहिले. पत्रे चेपले होते, पण बहुतेक सर्व स्क्रू जागच्या जागी होते. पत्रा पाइपांपासून सुटलेला नव्हता, पाइप भिंतीपासून सुटले होते. फॅब्रिकेटरने, म्हणजे लोखंडी सांगाडा करणाऱ्या कारागिराने, सांगाड्याचे पाय भिंतीच्या अगदी वरच्या थरातील चिऱ्यांवर पट्टी ठेवून दोन-दोन बोल्टांनी जखडले होते. बोल्ट मजबूत होते, म्हणून तेही तुटले नाहीत. ते ज्या चिऱ्यात बसवले होते तो चिराच त्यांच्यासोबत उपटून गेला. असा एक चिरा, बोल्ट आणि पट्टीसह, मी आजही विहिरीजवळ ठेवला आहे. दादांनी तो दोनदा टाकून द्यायला सांगितला, पण मी टाकू दिलेला नाही.

मी शाळेत गणित शिकवत होतो, अभियंता नाही. माझा भाचा स्थापत्य अभियंता आहे. त्याच्याबरोबर बसून मी हिशेब मांडला. वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.६ ने गुणावे, म्हणजे चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर, म्हणून दाब सुमारे ६६६ न्यूटन, अर्थात प्रत्येक चौरस मीटरवर ६८ किलो. छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर वाऱ्याची ओढ याहूनही अधिक असते, आणि खाली उघडी पडवी असेल तर वरून ओढ व खालून ढकल अशी दुहेरी मार बसतो. आमचा पुढचा पाखा ६० चौरस मीटरचा होता, म्हणजे उचलणारे बल कमीत कमी चार टनांचे. त्याला खाली धरून ठेवणारे काय होते? पत्रा आणि पाइप मिळून चौरस मीटरला बारा किलो, म्हणजे एकूण सव्वासातशे किलोंच्या आत, आणि तीस-तीस किलोंचे दहा चिरे. चार टनांसमोर आम्ही जेमतेम एक टन उभा केला होता. यात पत्र्याचा दोष कोणता? कौलांचे छप्पर मुख्यतः आपल्या वजनावर बसते, चौरस मीटरला पंधराएक कौले धरली तरी वासे-रिपा सोडून पस्तीस-चाळीस किलो होतात. पत्र्याला ते वजन नाही. त्याला जोत्यापर्यंत (घराच्या पायावरील चौथऱ्यापर्यंत) बांधून ठेवावे लागते, आणि आमच्या भागात कौले उतरवून पत्रा चढवणाऱ्या शंभरातील नव्वद जणांना हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या खेपेस, नोव्हेंबर २०२० मध्ये काम काढले तेव्हा दादा पुन्हा कौलांवर ठाम होते. मी पुन्हा पत्राच घातला, पण आधी भिंतीचे काम केले. चारही भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा ओतून घेतला आणि त्याच्या सळ्या कोपऱ्यांत व दर दहा फुटांवर भिंत खोदून खाली जोत्यापर्यंत नेल्या. सांगाड्याचे पाय त्या पट्ट्यातल्या लोखंडाला जोडले. आडवे पाइप मध्ये तीन फुटांवर, तर पावळीशी (छपराच्या खालच्या कडेशी) आणि आढ्याशी (माथ्याशी) दोन फुटांवर घेतले. स्क्रू मध्ये पत्र्याची एक घडी (उंचवटा) सोडून, पण कडांना प्रत्येक घडीवर मारले. तीन फूट बाहेर आलेली पावळी दीड फुटावर आणली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे केले, म्हणजे उद्या पडवी गेलीच तर ती माजघरावरचे छप्पर सोबत नेणार नाही. या सर्वाचा खर्च पत्र्याच्या किमतीहून अधिक झाला, आणि तो तसा होणारच, हे धरून चालावे. छपराचा जुना उतार मात्र तसाच ठेवला. पत्र्याला कमी उतार चालतो म्हणून पाइप वाचवण्यासाठी अनेक जण छप्पर सपाट करतात, परंतु सपाट छपरावर वाऱ्याची ओढ वाढते.

आता आपण प्रत्यक्ष विचारलेल्या गोष्टी. साधा जस्ताचा पत्रा किनाऱ्याजवळ घेऊ नये. गॅल्व्हल्यूम, म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेले बहुतांशी जस्त असा लेप असलेला पत्रा घ्यावा, लेप चौरस मीटरला १५० ग्रॅमचा असावा आणि त्यावर रंग असावा. रंग फिकट निवडावा, तो कमी तापतो. जाडी सांगताना दुकानदार लेप आणि रंग धरून सांगतो. ०.५० मिलिमीटर म्हणून विकलेल्या पत्र्यात मूळ पोलाद ०.४३ च्या आसपासच असते, म्हणून बिलावर मूळ पोलादाची जाडी लिहून घ्यावी आणि माल उतरवताना मायक्रोमीटर लावून पाहावा. दुकानदार सांगतो ती जाडी ०.५० पेक्षा कमी घेऊ नये. २०१५ साली मी ०.४० घेतला होता आणि वानरांच्या उड्यांनीच तो दोन वर्षांत चेपला होता. कंपनीचे नाव मी सांगणार नाही, कारण एकाच कंपनीचा माल चार प्रतींत येतो आणि नावावर विसंबणारा माणूस हलकी प्रत घेऊन घरी जातो. हमीपत्र मात्र नीट वाचावे. त्यात बहुधा समुद्रापासूनच्या अंतराची अट असते आणि आपले घर त्या अटीत बसते की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच कळायला हवे.

पत्रा कापताना ग्राइंडर चालवू देऊ नये. त्याच्या ठिणग्या लेपात रुतून बसतात आणि पहिल्या पावसातच तांबडे ठिपके उमटतात. कात्रीने कापावा, आणि स्क्रू मारताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढावा. ओले सिमेंट किंवा चुना या लेपाला खातो, म्हणून गिलावा आधी आणि पत्रा नंतर, हा क्रम मोडू नये. स्क्रूचा रबरी वॉशर नुसता दबला पाहिजे, फुटून बाहेर येता कामा नये. खाऱ्या हवेत पत्रा वरून गंजण्याआधी पावळीच्या खालच्या बाजूने गंजतो, कारण वरचे मीठ पाऊस धुऊन नेतो आणि खालचे तसेच साचून राहते. पावसाळा संपला की ती बाजू गोड्या पाण्याने धुवावी. वहिनी दर दोन महिन्यांनी धुतात आणि तेथे अजून गंजाचा ठिपका नाही.

उकाडा आणि आवाज यांविषयी दादांची तक्रार खरी आहे आणि मी ती कधी नाकारली नाही. मुसळधार पावसात माजघरात बोललेले ऐकू येत नाही, आणि थंडीत पहाटे पत्र्याच्या आतून दवाचे थेंब गळतात. दुसऱ्या खेपेस पत्र्याखाली फळ्यांचा माळा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर जाळ्या ठेवल्या, त्याने पुष्कळ फरक पडला. कौलारू घराचा गारवा मात्र आला नाही, आणि तो येईल असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

आणखी काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. आपले घर अगदी किनाऱ्यावर, लाटांच्या तुषारांत असेल, तर पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा विचार करावा. तो गंजत नाही, पण वर माड असेल तर नारळाने चेपतो, आणि त्याच्या व लोखंडी पाइपाच्या मध्ये रबराची पट्टी घालावी लागते. आपण बाराही महिने तेथे राहत असाल, शाकारणी करणारा माणूस गावात असेल आणि वानरांचा उपद्रव नसेल, तर कौले हा वाईट पर्याय नाही. दादांचे एक म्हणणे भाच्यानेही मान्य केले आहे. कौलांच्या फटींतून हवा सुटते, त्यामुळे आतला दाब साचत नाही आणि छप्पर एकसंध उचलले जात नाही. परंतु त्याच दिवशी आमच्या वाडीतील कौलारू घरांचे पाखेही उघडे पडले होते आणि माड कोसळून वासे मोडले होते, हे दादा सांगताना गाळतात. ते तेथे होते आणि मी नव्हतो, हे खरे आहे. पण जे आपल्या डोळ्यांदेखत घडले त्याचे कारण आपल्यालाच ठाऊक असते, असे नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणच्या किनाऱ्यासमोरून गेले. नव्या छपराचा एकही पत्रा हलला नाही. ते वादळ समुद्रातूनच पुढे गेले आणि आमच्याकडे निसर्गइतका वारा नव्हता, म्हणून यास मी पूर्ण परीक्षा मानत नाही, पण त्या रात्री आईला माजघरातून हलवावे लागले नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांशी कौल की पत्रा हा वाद घालण्याआधी त्यांना बरोबर घेऊन भिंतीचा माथा पाहावा. वरचे चिरे हाताने हलत असतील, तर अजून पत्र्याच्या दुकानात जाण्याची वेळ आलेली नाही. फॅब्रिकेटरकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि सांगाड्याचा पाय भिंतीत कशाला, किती खोल आणि किती ठिकाणी जोडला जाणार आहे, हे त्यात स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावे. ती ओळ लिहायला तो तयार नसेल, तर त्यास आगाऊ रक्कम देऊ नये.