बदली होऊन सांगलीत विश्रामबागेत नवीन आलोय, घरचे सगळे शाकाहारी. आईला अंडंसुद्धा चालत नाही आणि ती चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. मॅपवर ‘प्युअर व्हेज’ टाकलं की ढीगभर नावं येतात, सगळ्यांना चार तारे. जवळपास चांगलं व्हेज हॉटेल कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी धरून लिहितो: बदली होऊन नवीन आलात, आईंना अंडंसुद्धा चालत नाही आणि त्या चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. मॅपबद्दलची तुमची तक्रारही रास्त आहे.

हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे आचारी. आचारी गेला की पाटी तीच राहते आणि चव त्याच्याबरोबर जाते. दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकावर विसंबून गेलेल्या माणसाचं हसं होतं ते यामुळेच. त्यापेक्षा पारखायची रीत माहीत असलेली बरी.

आधी आपल्याला हवंय काय ते ठरवा, कारण त्यावरून दिशा ठरते. विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद ही कॉलेजं असल्यामुळे मेस, खानावळी आणि नाष्ट्याच्या गाड्या भरपूर. शंभर फुटी रोडच्या बाजूला बसून निवांत जेवायची, पंजाबी-चायनीजवाली मोठी हॉटेलं. जुन्या पद्धतीचं भोजनालय आणि सकाळची मिसळ हवी असेल तर गावात, गणपती पेठ-हरभट रोडच्या बाजूला जा. मिरजेकडे सरकलात की कर्नाटक जवळ येतं, तिथे इडली-डोश्याची चौकशी करा. भाकरी-पिठलं शोधायला शंभर फुटीवर जाणं आणि पनीर खायला खानावळीत बसणं, दोन्हीत दोष हॉटेलाचा नसतो.

मॅपवर शोधताना ‘शुद्ध शाकाहारी’, ‘खानावळ’, ‘भोजनालय’, ‘पोळीभाजी केंद्र’ असे शब्द देवनागरीत टाकून बघा. छोटी ठिकाणं स्वतःला रेस्टॉरंट म्हणवत नाहीत, त्यामुळे इंग्रजीत शोधलं की ती हाती लागत नाहीत. अभिप्राय ‘नवीन आधी’ असे लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा. अभिप्रायांतही शब्द शोधता येतो: ‘भाकरी’, ‘आमटी’, ‘ताक’ टाका. ज्या ठिकाणी लोक पदार्थाचं नाव घेऊन लिहितात ते खरं. नुसतं ‘छान वातावरण, उत्तम सेवा’ असेल तर तिथे सजावट चांगली आहे एवढंच समजा. ग्राहकांनी टाकलेले ताटाचे फोटो बघा, मालकाने टाकलेले सोडून द्या.

मग फोन करा. एकच प्रश्न विचारा: ‘आज ताटात काय आहे?’ चालती खानावळ असेल तर पलीकडून पटकन येतं, ‘वांगं, मटकी, आमटी, भात, ताक.’ ‘सगळं मिळतंय की, या तुम्ही’ असं उत्तर आलं तर रोजचं ताट तिथे नाही, मागणी आली की करणार.

पाटीवर काय लिहिलंय तेही नीट वाचा. ‘शुद्ध शाकाहारी’ आणि ‘व्हेज’ यांत फरक आहे. ‘व्हेज’ एवढंच असेल तर आमलेट-भुर्जी मिळते का ते विचारून घ्या. ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम’ म्हणजे मुळात बार, कुटुंबासाठी वेगळी खोली. ‘व्हेज-नॉनव्हेज, स्वतंत्र किचन’ असेल तर ते ‘स्वतंत्र’ कुठपर्यंत ते विचारा: तंदूर वेगळा आहे का, तळणीची कढई वेगळी आहे का, वाढायचे डाव वेगळे आहेत का. अख्खा मसूर आणि रश्श्याच्या भाज्यांबद्दल तर स्पष्ट विचारा, ‘यात अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नाही ना?’ प्रश्न ऐकून वेटर आत विचारायला गेला तर ते बरं लक्षण. उभ्या उभ्या ‘नाही नाही’ म्हणाला तर त्याला ठाऊक नाही. आईंना घेऊन जायचं असेल तर माझं मत सरळ आहे, मिक्स हॉटेल नकोच.

गल्ल्यामागे अन्न परवान्याचा कागद लावलेला असतो. त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. दोन्ही चालतात. तो चालू आहे का तेवढं बघा. याने चव कळत नाही, पण मालकाची शिस्त कळते.

आता वार. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे; सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात. शाकाहारी हॉटेलात माल सगळ्यात जास्त फिरतो तो पाळायच्या वारी, म्हणून पहिली भेट सोमवारी किंवा गुरुवारी द्या. मिक्स हॉटेलातली भाजी रविवारी रात्री कोणी मागत नाही, ती तेव्हा मागवणं म्हणजे सकाळची उरलेली मागवणं. श्रावणात मात्र पारखायला जाऊ नका. महिनाभर गर्दी इतकी असते की चांगलं हॉटेलही पाणचट आमटी वाढतं आणि वाईटही भरलेलं दिसतं.

वेळही महत्त्वाची. ताटाला दुपारी साडेबारा ते दीड. मिसळीला सकाळी नऊच्या आसपास. उशिरा गेलात तर कटात पाणी आणि तिखट वाढवलेलं असतं, तर्री वर तरंगते आणि खाली रस्सा कोमट. मटकीचे मोड आखूड, दाण्याएवढे असावेत. लांबलचक, तांबूस पडलेले आणि आंबूस वास येत असलेले असतील तर ती कालची.

पहिल्या भेटीत दोघांत एकच ताट मागवा आणि भाकरी बघा. सांगलीत हॉटेलाची जात भाकरीवर ओळखावी असं मी मानतो, कारण तिथे लपवायला जागा नाही. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा देणारी विरी असते. दळून फार दिवस झाले की ती जाते, मग भाकरी थापताना कडेने चिरते आणि बाई हाताने जोडत बसते. पीठ ताजं असेल आणि गरम पाण्यात नीट मळलेलं असेल तर कडा अखंड राहते, वरच्या बाजूला फिरवलेल्या पाण्याचा पातळ थर दिसतो आणि विस्तवावर शेकली की टम्म फुगून पापुद्रा सुटतो. ताटात आलेल्या भाकरीचा पापुद्रा बोटांनी उचलून बघा. सुटला आणि आतून वाफ आली तर तव्यावरची. पापुद्रा चिकटलेला, खालची बाजू ओलसर आणि वास दमट असेल तर ती डब्यात फडक्याखाली तासभर पडून आहे. कडक भाकरीला हे लागू नाही, ती आधी करून वाळवूनच ठेवतात आणि रश्श्यात चुरून खातात.

भाकरीनंतर शेंगदाण्याची चटणी चाखा. खवट लागली तर दाणे जुने आहेत, आणि जो चटणीत काटकसर करतो तो तेलातही करतो. अख्खा मसूर मागवलात तर दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि जिभेने दाबल्यावर मोडला पाहिजे. साल सुटून गिचका झालेला आणि किंचित साबणासारखी चव म्हणजे शिजायला सोडा मारलाय. थंडीत गेलात तर भरलं वांगं विचारा. कृष्णाकाठचं वांगं त्या दिवसांत मिळतं आणि ते नीट करणाऱ्याच्या हाताला चव असतेच.

पनीरवरून हॉटेल पारखू नका. मेनूवर पनीरचे चौदा प्रकार असतील तर आत तांबडा, पिवळा आणि पांढरा असे तीन रस्से आहेत आणि बाकी सगळा कसुरी मेथी, साय आणि तिखटाचा खेळ. तरी शंका असेल तर तुकडा गरम पाण्यात धुऊन दाताखाली घ्या: दुधाचं पनीर भुरभुरतं, पामतेल आणि दूध पावडरचं नकली बहुधा रबरासारखं परत येतं. आयोडीनचा थेंब टाकून निळं होतं का बघायची युक्ती फक्त पिठाची भेसळ दाखवते, पामतेलाची नाही. आणि रश्श्यात कॉर्नफ्लोर असेल तर चांगलं पनीरही निळं दिसतं.

डोश्याच्या ठिकाणी नारळाची चटणी आधी. एप्रिल-मेच्या उन्हात ती दुपारपर्यंत उतरते. कडेला बुडबुडे आणि आंबूस वास असेल तर बाजूला सारा, सांबारावर भागवा.

आता कांदा-लसणाचं. इथे बाहेरून आलेले हमखास फसतात. ‘कांदा-लसूण नको’ सांगितलं की आचारी वरून चिरून घालत नाही, पण भाजीत पडणारा मसालाच मुळी कांदा-लसूण मसाला असतो. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या जवळजवळ प्रत्येक तिखट रश्श्यात तो असतो. म्हणून असं सांगा: ‘कांदा-लसूण मसालाही नको, नुसतं तिखट, हळद आणि गोडा मसाला.’ शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा यांतही लसूण असतो, ते ताटातून आधीच काढायला सांगा. फरसाणात लसूण शेव असते.

सांगलीत जैन वस्ती मोठी असल्यामुळे ‘जैन’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी लगेच कळतं, हा मोठा फायदा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. जैन भाजीतून बटाटाही वगळतात, त्याऐवजी कच्चं केळं येतं. आईंना बटाटा चालत असेल तर तसं वेगळं सांगावं लागेल. आणि वांगं जैनमध्ये येऊ शकतं, चातुर्मासात बऱ्याच घरी तेही बंद असतं. दुसरं म्हणजे, जैन मंडळी सूर्यास्ताआधी जेवतात, त्यामुळे त्या पद्धतीचा रस्सा संध्याकाळी लवकर तयार होतो. सहाच्या सुमारास गेलात तर ताजा मिळेल. रात्री साडेनऊला ‘जैन’ मागितलंत तर उरलेला मिळतो, नाहीतर घाईत नेहमीच्याच रश्श्यावर भागवलं जातं.

अशी चार-पाच ठिकाणं पाहून दोन उरतील. त्यांच्याकडे आठ-दहा दिवसांनी वेगळ्या वेळी परत जा आणि तेच ताट मागवा. दोन्ही वेळा आमटी सारखी लागली तरच पाहुण्यांना घेऊन जा.

रोजच्या जेवणाचीच सोय हवी असेल तर हॉटेलापेक्षा घरगुती मेस किंवा डबा बरा. तिथे चवीआधी व्यवहार विचारा. खाडे धरतात का, म्हणजे गावी गेलात तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात का, आणि किती तास आधी कळवावं लागतं? पोळ्या मोजून की हव्या तेवढ्या? कॉलेजच्या आसपासच्या मेसमध्ये बहुधा रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री चूल बंद, त्या रात्रीची सोय वेगळी बघावी लागते. परीक्षा संपून पोरं गावी गेली की काही मेस महिनाभर बंदच असतात, तेव्हा आगाऊ पैसे देताना हे आधी विचारा. पहिल्यांदा आठ दिवसांचेच पैसे भरा, त्यात एक सोमवार आणि एक रविवार येतोच.