पट्टी सोड, आधी पद्धत शिकव

बाय,

तुझं पत्र मिळालं. अंध माणसांचं जगणं कळावं म्हणून आठवीची मुलं डोळ्यांना पट्टी बांधून व्हरांड्यात पाच मिनिटं धडपडली, आणि पट्टी सोडल्यावर एकाने विचारलं, "टीचर, मग ही माणसं जगतात तरी कशी?" तू गोंधळलीस ते चांगलं झालं. पण तयारीत काय राहिलं, हे शोधत बसू नकोस. तयारी पुरेशी होती, उपक्रमच उलटा होता.

पाच मिनिटांच्या पट्टीत मुलाला अंधत्व कळत नाही. दृष्टी गेल्याचा पहिला धक्का तेवढा कळतो. पोहता न येणाऱ्याला नदीत ढकललं तर त्याला पाण्याची भीती कळते, पोहणं कळत नाही. एरियल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. पट्टी बांधून कामं करून पाहिलेल्या लोकांनी अंध माणसांची नोकरी करण्याची, स्वतंत्र राहण्याची क्षमता कमी लेखली. सहानुभूती वाढली, भरवसा घटला. तुझ्या मुलाचा प्रश्न नेमका तोच आहे.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी पद्धत. मुलाने एखादं काम दृष्टीशिवाय कसं करतात ते शिकावं, दोन-तीन वेळा चुकावं आणि मग ते त्याला जमावं. जमल्याशिवाय त्याला घरी पाठवू नकोस.

पट्टी तर आणूच नकोस. उशीचे जाड, गडद अभ्रे आण. मुलाने दोन्ही हात अभ्र्यात घालायचे, चेहरा मोकळा. तो घाबरत नाही, मित्रांशी बोलत राहतो, आणि त्याचं सगळं लक्ष बोटांत उतरतं. शिवाय एकच पट्टी दहा जणांच्या डोळ्यांवरून फिरली तर डोळे येण्याची साथ तूच वर्गात आणशील.

अभ्र्यात पहिल्यांदा नोटा दे. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिमी. लांबी मात्र १४२, १४६ आणि १५० मिमी. चार मिमीचा फरक बोटाला एकट्या नोटेवर कळत नाही, दोन नोटा एका कडेला जुळवून धरल्या की कळतो. कडेला तिरप्या उठावदार रेघा आहेत: शंभरवर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर मुलं त्या पटकन ओळखतील आणि खूश होतील. तिथे थांबू नकोस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरून मऊ झालेली, मासळीच्या ओल्या हातांतून गेलेली नोट दे. रेघा लागणारच नाहीत. मग घडीची रीत सांग: शंभरची सरळ ठेवायची, दोनशेची मधोमध आडवी दुमडायची, पाचशेची उभी. कोणती घडी कशाची हे ज्याने त्याने ठरवायचं, पण नोट हातात आल्याबरोबर, विचारून खात्री करून, घडी घालायची. नाण्यांत दहाचं आणि वीसचं दोन्ही २७ मिमी व्यासाची, पण विसाला बारा बाजू आहेत. अंगठा कडेवरून फिरवला की कोपरे लागतात. खरे पैसे वापरशील तर आधी मोजून दे, नंतर मोजून घे.

पाणी ओतणं हे दुसरं काम. डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर पेल्याच्या काठावरून आत वाकवायचं, तांब्याची कड पेल्याच्या काठाला टेकवायची आणि मग ओतायचं. मुलं दोन चुका करतात. तांब्या अधांतरी धरतात, आणि घाईने ओततात, त्यामुळे बोटाला पाणी लागेपर्यंत पेला भरून वाहतो. स्टीलचा पेला घे. भरत आला की आवाज चढत जातो, आणि एकदा तो ऐकला की मूल पुढच्या वेळी बोटाआधी कानाने थांबतं. वर्गात गार पाणीच वापर.

आवाजाचा प्रयोग साधा आहे. मुलाने डोळे मिटून एकसुरात "आ" म्हणायचं, दुसऱ्याने पुठ्ठा हळूहळू त्याच्या चेहऱ्यासमोर आणायचा. वीतभर अंतरावर आला की स्वतःचा आवाज बदलतो, ते प्रत्येकाला ऐकू येतं. उघडं दार आणि चिऱ्याची भिंत यांतला फरक याच जातीचा आहे. पण पत्र्याच्या छपराखाली, पाऊस कोसळत असताना हे करू नकोस, काहीच ऐकू येणार नाही. पावसात पदपथावरच्या आवाजाच्या खुणाही अशाच बुडतात, हेही मुलांना सांग. आणि अंधांचे कान जन्मतःच तिखट असतात, हा समज तिथल्या तिथे मोडून काढ. ते लक्ष आणि सराव आहे. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा कोणत्या वाटेने येतो, कदंब बसच्या थांब्यावर कंडक्टर कोणतं गाव ओरडतोय, हे आपणही ऐकतो. आपण ते वापरत नाही.

वासाला जास्त वेळ देऊ नकोस. आमसूल, तिरफळ, जायफळ, सुकी सुंगटं (कोळंबी), एवढे चार नमुने झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांत पुरेत. पाचव्या-सहाव्या डब्यापर्यंत नाक थकतं आणि मुलं अंदाज ठोकू लागतात.

ब्रेलवर मात्र रेंगाळ. सहा अंड्यांचा ट्रे आणि लिंबं घेऊन ठिपक्यांची मांडणी दाखव: डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६. सहा ठिपक्यांच्या जागांचा मिळून एक खाना. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, क म्हणजे १-३, म म्हणजे १-३-४, ल म्हणजे १-२-३. 'कमल' तीन खान्यांत बसतं. मग 'कि' काढायला सांग. आपण छापतो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी येते. ब्रेलमध्ये इ चा २-४ हा खाना क नंतर येतो, जसा उच्चार तसा. मराठी मुलांना हे पाहून आपल्याच लिपीचं नवल वाटतं. पण लिंबांवर थांबलीस तर ब्रेल हा खेळ होतो. खरं अक्षर बोटाच्या एका पेराखाली मावतं, म्हणून खरं ब्रेल पान हातात दे. बोटाचं टोक रोवायचं नाही, पेर हलकेच डावीकडून उजवीकडे सरकवायचं. दाबलं की ठिपके चपटे होतात आणि पुढच्या मुलाला कोरं पान मिळतं. ब्रेलच्या पाटीवर स्टायलसने, म्हणजे ठिपके उठवायच्या टोचणीने, टोचताना उजवीकडून डावीकडे आणि आरशातल्यासारखं उलटं, कारण उठाव पलीकडच्या बाजूला येतो. पहिल्या खेपेला निम्मा वर्ग सुलटं लिहील. लिहू दे, मग कागद उलटून त्यांचं त्यांनाच वाचू दे. वहीचा कागद फाटतो. साधारण १४० जीएसएमचा जाड कागद आण.

चालणं शेवटी. काठी वाटून टाकू नकोस, आधी सोबत करायला शिकव. अंध माणूस तुमच्या कोपराच्या वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. त्याला मागून ढकलायचं नाही, काठी ओढायची नाही. पायरीपाशी क्षणभर थांबून 'चढ' किंवा 'उतार' म्हणायचं. खुर्चीत धरून बसवायचं नाही, खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात टेकवून द्यायचा. एवढं आलं की काठी: लांबी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, टोकाचा झोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद, आणि उजवा पाय पुढे तेव्हा टोक डावीकडे. काठी जमिनीवरचं सांगते, कमरेच्या वरचं सांगत नाही. मुलांना वही देऊन शाळेभोवती पाठव: बाहेर उघडलेली खिडकीची झडप, दुकानाचं खाली उतरलेलं छप्पर, वाटेवर आलेला स्कूटरचा आरसा, उघडं गटार. ही यादी पंचायतीला द्यायची असते.

आणखी एक. अंध म्हणजे पूर्ण काळोख, हे मुलांच्या डोक्यात पट्टीनेच घातलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी (म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही न दिसणं) किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असलं तरी अंधत्वच धरतात. अनेकांना उजेड, रंग, आकार दिसतात. पांढरा भात पांढऱ्या ताटात आणि मग गडद निळ्या ताटात वाढून दाखव, धूसर प्लॅस्टिकमधून बघू दे. बोलावं लागणार नाही.

हे सगळं तू शिकवायचं नाहीस. ब्रेल वाचणारी, काठीने बसने येणारी अंध व्यक्ती बोलाव, शिक्षक म्हणून, मानधन आणि गाडीभाडं देऊन. आपली करुण कहाणी सांगायला नव्हे. ते शक्य नसेल तर उपक्रम पुढे ढकल, १५ ऑक्टोबरचा पांढरी काठी दिन हुकला तरी चालेल.

मला हेकट म्हणतात. 'मुलांना जाणीव तर होऊ दे' असं किती जणांनी समजावलं. पण माझ्याही हातून अनेक वर्षं पट्ट्या बांधल्या गेल्या, आणि त्या मुलांनी घरी नेलेली कीव आता परत आणता येत नाही. त्यातली काही आज कुणाला नोकरी द्यायची ते ठरवत असतील. म्हणून मी या एका गोष्टीत वाकत नाही आणि तूही वाकू नकोस. आधी पद्धत.

चाळीस मिनिटांचा एक तास पुरणार नाही, दोन जोडून माग. सहा-सहाचे गट कर. शेवटी "कसं वाटलं?" विचारू नकोस, "काय करायला आलं?" विचार, आणि उत्तरं लिहून मला पाठव. त्या मुलाचं उत्तर वेगळं लिही. पाट्या आणि स्टायलस माझ्याकडे बारा आहेत, शनिवारपर्यंत कळवलंस तर फोंड्याच्या बसमध्ये देते. कागद आणि अभ्रे तू बघ.

तुझी,
बाई