फुटबॉलच्या स्टेडियममधली बर्फावरची हॉकी: बर्फ कसा टिकतो आणि तिकीट काढावं का

ताई, तुमची मुलगी ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकते, हिवाळ्यात तुम्ही तिच्याकडे येणार, आणि तिच्या कॉलेजच्या हॉकी टीमचा सामना कधी अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये ठरला तर महागडं तिकीट काढावं का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तो बर्फ थंडीमुळे आपोआप गोठतो का, हाही प्रश्न आहे. मी बरीच वर्षं मिशिगनात आहे, पोटापाण्याचं काम कूलिंगच्या धंद्यातलं आणि हॉकीचं वेड मुलांमुळे लागलेलं. त्यामुळे बर्फाबद्दल जरा जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

आपोआप काहीही गोठत नाही. हे ज्या सामन्यामुळे सुरू झालं तो तर 6 ऑक्टोबर 2001 ला झाला. त्या सुमारास मिशिगनमध्ये झाडांची पानं नुकती रंग बदलत असतात, तळी गोठायला अजून खूप अवकाश असतो. ईस्ट लान्सिंगच्या स्पार्टन स्टेडियममध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठ आणि तुमच्या मुलीचं मिशिगन समोरासमोर आले. सामन्याला नाव दिलं होतं ‘कोल्ड वॉर’. पहिला पक, म्हणजे हॉकीची चपटी चकती, टाकायला गॉर्डी हाऊ हा जुना हॉकीपटू आला होता, म्हणजे डेट्रॉइटकरांचा देवच. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला आणि बघायला लोक होते साडेचौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास. मिशिगन स्टेटच्या नेहमीच्या बंदिस्त रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानात, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं बसतात, यावरून अंदाज घ्या. त्याआधीचा जागतिक उच्चांक 1957 च्या विश्व स्पर्धेतला, मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममधला. तो एका कॉलेजच्या सामन्याने मोडला. दोन वर्षांनी एनएचएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, कॅनडातल्या एडमंटनला तोच प्रयोग केला. आता दरवर्षी नव्या वर्षाच्या आगेमागे जे ‘विंटर क्लासिक’ टीव्हीवर दिसतं, त्याच्याही आधी हे कॉलेजवाले उघड्यावर उतरले होते, हे इथली मंडळी छाती फुगवून सांगतात. सांगू देत, खरंच आहे ते.

आता बर्फ. मैदानावर आधी संरक्षक थर टाकतात, त्यावर सपाट फळ्यांचा चौथरा. मैदान वरून सपाट दिसलं तरी पाणी निघून जावं म्हणून अनेकदा मधोमध किंचित उंच ठेवलेलं असतं, आणि बर्फाला तसा उतार चालत नाही. चौथऱ्यावर नळ्यांच्या चटया किंवा ॲल्युमिनियमचे पोकळ पट्टे अंथरतात. स्टेडियमबाहेर ट्रेलरवर चिलर, म्हणजे थंड करणारी मोठी यंत्रं, उभे असतात. ते ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) मिसळलेलं पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात आणि पंपाने त्या नळ्यांतून सतत फिरवतात. मग वरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा, तो थर गोठला की पुढचा. मध्येच पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, त्यावर पुन्हा थर. घाई करून एकदम पाणी ओतलं तर आत हवा राहते आणि बर्फ ठिसूळ होतो. बंदिस्त रिंकमध्ये बर्फ इंच-सव्वा इंच जाड असतो, उघड्यावर दोन इंचांच्या आसपास ठेवतात. रिंक साधारण 61 बाय 26 मीटरचं. हिशोब केलात तर 75 ते 80 हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर. हे सगळं काही दिवसांत उभं करायचं आणि सामना झाला की वितळवून, उचलून न्यायचं.

लोकांना वाटतं की हवा गरम झाली की बर्फ गेला. हवेचं तापमान शून्याच्या वर पाच-सात अंश असलं तरी चांगला चिलर बर्फ धरून ठेवतो. खरा शत्रू ऊन. उन्हाची उष्णता थेट बर्फात शिरते, आणि रेषा, वर्तुळं, मधला मोठा लोगो असे गडद भाग ती पांढऱ्यापेक्षा जास्त शोषतात. त्यामुळे पहिले मऊ पडतात ते तेच. याचा सगळ्यात मोठा दाखला कॉलेजचा नाही, एनएचएलचा आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये टाहो सरोवराच्या काठी, प्रेक्षकांविना, कोलोरॅडो आणि व्हेगासचा सामना ठेवला होता. हवा थंडच होती. पण ढग असतील हा अंदाज चुकला, लख्ख ऊन पडलं, खेळाडू धडाधड पडायला लागले. पहिल्या सत्रानंतर सामना थांबवला तो आठ तासांहून जास्त, आणि रात्री पुढे सुरू केला. म्हणूनच सामन्याआधीचे दिवस बर्फावर चकाकत्या चादरी पसरलेल्या दिसतात, आणि वेळ शक्यतो संध्याकाळची ठेवावी म्हणून बर्फवाले टीव्हीवाल्यांशी भांडत असतात. बहुतेक वेळा टीव्हीवालेच जिंकतात.

अति थंडीही नको असते. बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच-सहा अंशांवर असला की स्केट नीट धरतं. त्याहून फार खाली गेला की तो काचेसारखा तडकतो, कपच्या उडतात, पक उड्या मारतो. एडमंटनला 2003 मध्ये उणे 18 च्या आसपास होतं आणि माँट्रियलचा गोलकीपर मास्कवर लोकरी टोपी घालून उभा होता. अशा वेळी त्याच यंत्रणेने ग्लायकॉल थोडं गरम करून सोडतात. बर्फ गरम करायला यंत्र, हे ऐकून माझ्या कामावरचेही हसले होते. पाऊस आला तर मात्र काहीच चालत नाही. पडत्या हिमाचाही त्रासच: पक त्यात रुततो आणि दर थोड्या वेळाने फावडी घेऊन पोरं उतरतात. वारा असला तर एका बाजूवर अन्याय नको म्हणून शेवटच्या सत्रात मध्यावर बाजू बदलतात.

तुमच्या मुलीच्या कॉलेजचा सगळ्यात गाजलेला सामना 11 डिसेंबर 2010 चा. मिशिगन स्टेडियम, इथल्या बोलीत ‘बिग हाऊस’. मिशिगनने मिशिगन स्टेटला 5-0 धुतलं. ठरलेला गोलकीपर वॉर्म-अपमध्येच जखमी झाला आणि ऐनवेळी उभा राहिलेल्या शॉन हनविकने एकही गोल होऊ दिला नाही. आयोजकांनी प्रेक्षकसंख्या जाहीर केली 113,411. गिनीजने मान्य केली 104,173, कारण ते प्रत्यक्ष दारातून मोजलेली माणसंच धरतात. इथे कुणाशी वाद घालायचा असेल तर हे दोन आकडे पुरतात. तीन वर्षांनी त्याच स्टेडियममध्ये एनएचएलच्या विंटर क्लासिकला 105,491 जाहीर झाले, तरी गिनीजच्या वहीत कॉलेजवालेच राहिले.

कॉलेजं हे करतात का, तर स्टेडियम रिकामं असतं म्हणून. लाखभर माणसांची वास्तू, आणि वर्षातून फुटबॉलचे घरचे सामने सहा-सात, कधी आठ. नोव्हेंबर संपला की बहुधा कुलूप. पण रिंक उभारणं स्वस्त नाही, म्हणून शहाणी मंडळी एकाच बर्फावर जास्त सामने बसवतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाने फेब्रुवारी 2010 मध्ये कॅम्प रँडल स्टेडियममध्ये आधी मुलींचा आणि मग मुलांचा सामना ठेवला. मुलांच्या सामन्याला 55,031 लोक होते आणि विस्कॉन्सिनने मिशिगनला 3-2 हरवलं. मुलींच्या हॉकीला एवढं मोठं अंगण एरवी कोण देतं? मला ही पद्धत सगळ्यात आवडते. दुसरी युक्ती म्हणजे एनएचएलने उभारलेलं रिंक त्यांचं झाल्यावर वापरायचं. नोत्र दाम विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1 जानेवारी 2019 ला शिकागो आणि बोस्टनचा सामना झाला, 76,126 प्रेक्षक. त्याच बर्फावर चार दिवसांनी नोत्र दाम आणि मिशिगन खेळले, तेव्हा आले 23,422. नवलाई ओसरली की काय होतं ते या दोन आकड्यांत दिसतं. ज्या संघांचं वैर जुनं, तिथेच मैदान भरतं. बाकी ठिकाणी टीव्हीवर रिकामे बाक लपवायची कसरत चालते.

तक्रारीही खऱ्या आहेत. सामन्याचे गुण अनेकदा लीगच्या तक्त्यात धरले जातात, पण खेळ मात्र मऊ, खडबडीत बर्फावर. पास अडतो, वेग मंदावतो, प्रशिक्षक सुटसुटीत खेळायला सांगतात. घरच्या रिंकमध्ये कानठळ्या बसवणारा आरडाओरडा उघड्यावर आभाळात विरून जातो, म्हणजे यजमानांचा हक्काचा फायदाही जातो.

आता तिकीट. बंदिस्त रिंकमध्ये काचेजवळची जागा सगळ्यात भारी, म्हणून नवखे इथेही खालच्या रांगा घेतात आणि पस्तावतात. फुटबॉलचं मैदान 49 मीटर रुंद, रिंक 26 मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना अकरा-साडेअकरा मीटर मोकळं, वर कडेची पट्टी वेगळी. शिवाजी पार्कच्या मधोमध कॅरम मांडून कट्ट्यावरून बघण्यासारखं. खालून तर रिंकभोवतीची जवळच्या कडेची फळकुटं आडवी येतात आणि त्या अर्ध्या भागात पक दिसतच नाही. साडेसात सेंटीमीटरची ती काळी चकती. मधल्या उंचीच्या वर, रिंकच्या मध्यरेषेसमोर बसा. वरच्या रांगा स्वस्तही असतात. दुपारचा सामना असेल तर पश्चिमेकडचा स्टँड घ्या, म्हणजे ऊन डोळ्यांवर येणार नाही.

कपड्यांचं सगळ्यांना कळतं, पायांचं विसरतात. बाक धातूचे, खाली काँक्रीट, तीन तास बसायचं. लोकरीचे मोजे, एक नंबर मोठे बूट, आणि पायाखाली घालायला पुठ्ठ्याचा तुकडा. थर्मल आतून घाला, साडी असेल तर त्या दिवशी विश्रांती द्या. मोबाईल आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. मोठ्या पिशव्या आत सोडत नाहीत, त्यामुळे तिकिटावरचे नियम आधी वाचा आणि चिवड्याचा डबा गाडीतच राहू द्या.

माझं मत विचारलंत तर पहिल्यांदा हॉकी बघणाऱ्याने उघड्यावरच्या सामन्यापासून सुरुवात करू नये. तिथे माणूस गर्दी बघायला जातो, आणि ती बघण्यासारखी असतेच. खेळ कळायला हवा असेल तर आधी एखाद्या शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री मुलीबरोबर योस्ट अरीनात, तिच्या कॉलेजच्या बंदिस्त रिंकमध्ये, जा. 1923 ची इमारत, 1973 मध्ये तिचं रिंक झालं. ज्या फील्डिंग योस्टचं नाव तिला आहे, त्याच गृहस्थाने पुढे 1927 मध्ये बिग हाऊसही उभं केलं. विद्यार्थ्यांच्या बाजूला बसू नका, त्यांच्या घोषणांतले काही शब्द आईसोबत ऐकण्यासारखे नसतात. समोरच्या बाजूला, दहाव्या रांगेच्या वर घ्या.