वेलची चघळली तर नाकाबंदीतलं मशीन फसतं का? एका बिअरनंतर किती वेळाने गाडी चालवावी?

नाही फसत. वेलची खा, पान खा, कच्चा कांदा खा. वास दबेल, आकडा नाही. मशीनला नाक नसतं. रक्तातली दारू फुप्फुसात श्वासात उतरते. श्वासात असेल त्याच्या २१०० पट रक्तात, असं धरून मशीन हिशेब करतं. १०० मिली रक्तात ३० मिग्रॅच्या वर गेलात की गुन्हा. बिअरचं मला विचारू नका, मी माळकरी आहे.

आणि माळकरी असून माझा आकडा ४६ आला होता.

मरोळच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचो. पहाटे गेटवर सगळे ड्रायव्हर फुंकायचे, मगच चावी. त्या दिवशी खोकला होता, म्हणून गेटच्या अलीकडे होमिओपॅथीच्या अर्काचे थेंब जिभेवर टाकले. तो अर्क अल्कोहोलात काढतात हे तेव्हा कुठे ठाऊक! सुपरवायझरने आकडा बघितला, मग गळ्यातली माळ बघितली आणि हसला. म्हटलं, साहेब, चूळ भरतो, पंधरा मिनिटांनी परत फुंकतो. तर म्हणे, गाडीचा टाइम झालाय, घरी जा. खाडा लागला तो लागलाच, संध्याकाळी भांडुपला चाळीत बातमी आमच्याआधी पोचलेली. मेहुणे म्हणाले, "दाजी, मशीन कशाला खोटं बोलेल?"

चांगल्या मशीनच्या आत प्लॅटिनम असतं. त्यावर दारूची वाफ आली की वीज तयार होते, जेवढी वीज तेवढा आकडा. वाफ फुप्फुसातली की जिभेवरची, हे त्या विजेला काय कळणार? जिभेवरची पंधरा-वीस मिनिटांत उडून जाते, म्हणून तेवढं थांबवून फुंकायला लावायचं असतं. तुम्ही घेतलेली नसेल आणि आकडा आला, तर हुज्जत घालू नका. थांबून दुसऱ्यांदा फुंकू द्या म्हणा, नाहीतर रक्त तपासा म्हणा. मी हे मोठ्याने म्हणायला हवं होतं.

घेतलेल्यांनी मात्र थेंबांची सबब सांगू नये, दुसऱ्या वेळी आकडा तिथेच राहतो. शरीर तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिग्रॅच उतरवतं, त्यामुळे रात्री दाबून घेतलेली सकाळीही दिसते. कॉफीने काही होत नाही.

मेहुणे हे वाचतील, मला माहीत आहे. ती अर्काची बाटली तुम्हीच आणून दिली होती. मशीन मी विकत घेतलंय. रविवारी या, चार थेंब जिभेवर टाका आणि फुंका.