कोबी खातंय कोण: अळी की शंखी?

प्रश्न: ताई, परसात कोबीची रोपं लावलीत. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी पानं कुरतडलेली दिसतात. अळीचं औषध फवारलं, फरक शून्य. शेजारचे काका म्हणतात, ही शंखी गोगलगाय. पण गोगलगाय म्हणजे किडाच ना? मग औषधाने मरत का नाही?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर: काकांचं ऐका. गोगलगाय कीटक नाही. तिचं नातं शिंपल्यांशी आणि माकुळाशी. अळीची काही औषधं तिची कात अडवतात, बीटी (जिवाणूपासून केलेलं औषध) तिचं आतडं बिघडवतं. गोगलगाय कात टाकतच नाही, शंख तिच्यासोबत वाढतो. औषध लागणार कुठे?

कोबीवर तंबाखूची पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा) पण येते, आणि दोघीही रात्रीच चरतात. त्यामुळे खुणा बघा. पानामागे भुरकट लव पांघरलेला अंड्यांचा पुंजका, पानाची जाळी, गोल लेंड्या: अळी. पानावर, कुंपणाच्या भिंतीवर वाळलेल्या चिकटाचा चकाकता माग: शंखी. भिंतीचा चुनाही ती खरवडते, शंखासाठी.

अळीचं पान तोडून टाकलं की निम्मं काम झालं. तिचा पतंग होऊन मरेपर्यंत सगळा खेळ महिना-सव्वा महिन्याचा. शंखी वर्षानुवर्षं जगते, प्रत्येक शंखी अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभरावर. उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून गुपचूप पडून राहते. मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 साली बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रजाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात मित्राच्या बागेत सोडली. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते शेतकरी फेडतोय.

तुम्ही असं करा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्याच्या कडेने पसरा. पहाटे खाली जमलेल्या शंखी हातमोजे घालूनच गोळा करा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने नको, तिच्या अंगात मेंदूला सूज आणणारा जंत असू शकतो. परसातली कच्ची पालेभाजी नीट धुतल्याशिवाय खाऊ नका. वाफ्यात मीठ टाकू नका, कोबीच जाईल. शंखी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. माती उकरताना साबुदाण्याएवढी पांढरट अंडी सापडली तर तिथल्या तिथे चिरडा.